सकाळी हार्ड डिस्क सापडत नाही, दुकानदार म्हणतो फर्मवेअर अपडेट करा. करू का?

टूलरूम_अंबड | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि एक जुनं लेथ. व्हीएमसीला प्रोग्राम पाठवायला एक म्हातारा कॉम्प्युटर ठेवलाय, विंडोज एक्सपी, मागे सिरियल पोर्ट. मोल्डचे प्रोग्राम लांबलचक असतात, मशीनच्या मेमरीत मावत नाहीत, म्हणून डीएनसीवरून ड्रिप फीड करावं लागतं, म्हणजे मशीन चालू असताना कॉम्प्युटरने थोडं थोडं पाठवत राहायचं. हा डबा बसला की एक मशीन बसलं असं समजा.

गेले काही आठवडे सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस नसल्याचा मेसेज येतो. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबत बसायचं. कधी दुसऱ्यांदा, कधी चौथ्यांदा एक्सपी वर येतं आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास.

एमजी रोडला एका दुकानात नेला. त्याने डिस्कचं लेबल बघितलं, मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममध्ये, दोष आहे, नवीन मारून देतो, डेटाची गॅरंटी नाही. ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि डबा उचलून परत आणला.

डिस्क सीगेट बाराकुडा ७२००.११, ५०० जीबी, मॉडेल एसटी३५००३२०एएस, फर्मवेअर एसडी१५. सगळे जुने प्रोग्राम त्यावरच आहेत. थोडे पेन ड्राइव्हवर आहेत, पण कुठले ते सेटरला (मशीन लावणाऱ्याला) माहीत. काय करू?


बिट्स_आणि_भजी | सोमवार, रात्री १०:०५

एसडी१५! अहो, ही डिस्क अजून जिवंत आहे हेच नवल. २००९ च्या जानेवारीत यावर जगभर बोंबाबोंब झाली होती. डिस्क काल चालत होती, आज बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना आधी येणाऱ्या प्रोग्राममध्ये) दिसतच नाही, असे शेकडो लोक रडत होते. मग कंपनीने दोष मान्य केला आणि एसडी१ए नावाचं फर्मवेअर काढलं. डिसेंबर २००८ पर्यंत बनलेल्या डिस्क त्यात सापडल्या होत्या. तुमचं मॉडेल त्या यादीत आहेच आहे. दुकानदार बरोबर बोलतोय, अपडेट करून टाका.


पंचवटी_रिपेअर | सोमवार, रात्री १०:२०

करून टाका काय भाऊ! आधी डेटा काढा म्हणावं. त्याच जानेवारीत आलेलं पहिलं अपडेट नेमकं याच ५०० जीबीच्या मॉडेलवर उलटलं होतं, चांगल्या चालत्या डिस्क बंद पडल्या. ते मागे घेऊन पुन्हा दुरुस्त करून द्यावं लागलं. आता मिळतं ते सुधारलेलं आहे, पण बॅकअपशिवाय फर्मवेअरला हात लावायचा नाही हे माझ्या दुकानात भिंतीवर लिहिलंय.


टूलरूम_अंबड | सोमवार, रात्री १०:३१

म्हणजे करू की नको? दोघं दोन बाजूंना ओढताय.


गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:४५

दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही: सकाळचा त्रास या दोषामुळे होतोय का? माझ्या मते नाही. दुकानदाराने लेबल वाचून निदान केलं, लक्षणं विचारली नाहीत.

तो दोष असा होता. डिस्क आपल्या आत स्वतःसाठी एक इव्हेंट लॉग ठेवते, ३२० नोंदींचा, भरला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा. त्याची शेवटची हद्द ठरवताना फर्मवेअर लिहिणाऱ्यांचा एकाचा फरक राहून गेला. डिस्कला वीज मिळण्याच्या क्षणी मोजणी नेमकी ३२० वर असेल, किंवा त्यात २५६ च्या पटी मिळवून येणाऱ्या आकड्यावर म्हणजे ५७६, ८३२ असं काही, आणि शिवाय कारखान्यात ज्या टेस्टरवर डिस्क तपासली त्याने राखीव ट्रॅकवर एक ठरावीक डेटा मागे ठेवला असेल, तर फर्मवेअर हद्दीच्या पलीकडे जातं. ते त्याच्या लक्षात येतं आणि खबरदारी म्हणून डिस्क स्वतःला अडकवून घेते. म्हणूनच सगळ्या डिस्क बंद पडल्या नाहीत. टेस्टर वेगळा असेल तर काही होत नाही. टेस्टर तोच असला तरी नेमक्या आकड्यावर बंद करून चालू करण्याची वेळ यावी लागते.

आता महत्त्वाचं ऐका. अडकल्यावर लॉगमध्ये नवी नोंद होऊच शकत नाही. मोजणी जिथल्या तिथे राहते. पुढच्या वेळी वीज दिली की आकडा तोच आणि गाठही तीच. चौथ्या वेळेला सुटत नाही आणि चाळिसाव्यालाही नाही. बायोसमध्ये डिस्क दिसत नाही, किंवा दिसली तरी क्षमता शून्य.

तुमची डिस्क कंट्रोल-आल्ट-डिलीटने वर येते आणि दिवसभर चालते. मग तो दोष जागा झालेला नाही. असता तर तुम्ही हा धागा डेटा रिकव्हरीच्या विभागात काढला असता.

मला संशय एसएमपीएसचा, म्हणजे डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीचा आहे. हार्ड डिस्कची मोटर थांबलेल्या तबकड्या फिरवायला घेते तेव्हा १२ व्होल्टच्या तारेवर दोन-अडीच अँपिअर खेचते, फिरायला लागली की फार कमी. जुन्या एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळत आलेले असतात, त्यांचा आतला रोध वाढलेला असतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. व्होल्टेज बसतं, मोटर रेंगाळते, बायोस थोडा वेळ वाट बघून पुढे निघून जातो. कंट्रोल-आल्ट-डिलीटने वीज तुटत नाही, तबकड्या फिरतच राहतात, म्हणून पुढच्या फेरीत डिस्क सापडते. आतले भाग गरम झाले की दिवसभर आनंद.

तीन गोष्टी सांगा. दुपारी लाईट जाऊन आली तर लगेच चालू होतो का? सकाळी मेसेज आल्यावर काही न दाबता मिनिटभर थांबून मग कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं तर पहिल्याच वेळी सापडते का? आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोची जुनी आवृत्ती एक्सपीवर चालते, त्यात ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर), ०ए, सी५ आणि सी७ या नोंदींसमोर काय आहे?


द्राक्षबागवाला | मंगळवार, सकाळी ६:१५

गोदाकाठ म्हणतात ते थंडीचं मला पटतं. आमच्या निफाडला पारा पाचाच्या आसपास आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नयेत म्हणून. त्याच दिवसांत शेडमधला सीसीटीव्हीचा डीव्हीआर हार्ड डिस्क नसल्याची शिट्टी मारत बसतो. ऊन आलं की गप्प. अडॅप्टर बदलला तेव्हापासून बरा आहे. फर्मवेअर-बिर्मवेअर कोणी बघितलंही नाही.


सर्व्हरखोली | मंगळवार, सकाळी १०:५०

निदान गोदाकाठ यांचंच बरोबर वाटतंय. पण धागा वाचून कोणाचा समज होऊ नये की फर्मवेअर अपडेट म्हणजे दुकानदारांचं खूळ. काही दोष असे असतात की त्यांच्यावर दुसरं औषधच नाही.

सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सॅस (सर्व्हरच्या जोडणीच्या) एसएसडींबद्दल सूचना काढली होती: ३२,७६८ तास वीज मिळाली की ड्राइव्ह कायमचा बंद, डेटासकट. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. चिन्हासहित सोळा बिटांत ३२,७६७ पर्यंतच मावतं, पुढच्या तासाला आकडा उलटतो. हिशेब केला तर ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. आता विचार करा, एका दिवशी बसवलेले एका रेडचे (एखादा ड्राइव्ह गेला तरी डेटा टिकावा म्हणून केलेल्या गटाचे) सगळे ड्राइव्ह एकाच तासाला जाणार. तिथे रेड असून नसून सारखंच. एचपीडी८ हे फर्मवेअर आधी टाकलं तरच सुटका.

त्याआधी क्रुशियल एम४ चं गाजलं होतं. ५,१८४ तास झाले की एसएसडी गोठायची, रीस्टार्ट केलं की तासभर चालायची, पुन्हा गोठायची. जानेवारी २०१२ मध्ये ०३०९ हे फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला, डेटाही शाबूत.

आमच्याकडे नियम साधा आहे. कंपनीच्या सूचनेत आपलं मॉडेल, आपली आवृत्ती आणि आपलं लक्षण तिन्ही जुळली तर अपडेट लगेच. मॉडेल आणि आवृत्तीच जुळली तर सवडीने, बॅकअप घेऊन. नुसतं नवीन आलंय म्हणून कधीच नाही.


सीएस_तिसरं_वर्ष | मंगळवार, दुपारी १:१०

थोडं अवांतर. माझ्या लॅपटॉपमध्ये डब्ल्यूडी एसएन७७०, २ टीबी आहे. विंडोज ११ चं २४एच२ टाकल्यापासून निळा पडदा येतो, क्रिटिकल प्रोसेस संपल्याचा. हे फर्मवेअरचं असू शकतं का?


सर्व्हरखोली | मंगळवार, दुपारी १:३५

तुमचं तिन्ही जुळतंय. या ड्राइव्हवर स्वतःची डीरॅम (तात्पुरती मेमरी) नाही, तो लॅपटॉपच्या रॅममधला थोडा भाग वापरतो. २४एच२ ने तो भाग ६४ एमबीवरून २०० एमबीपर्यंत वाढवून दिला आणि तिथे गडबड झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने एसएन७७० आणि एसएन५८० च्या २ टीबी मॉडेलांसाठी फर्मवेअर काढलं. डब्ल्यूडीच्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरमधून होतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर आधी तात्पुरता थांबवा आणि त्याची रिकव्हरी की मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. लॅपटॉप चार्जरवर असू द्या. बाकी चर्चा वेगळ्या धाग्यात करा, इथे टूलरूमवाल्यांचं मशीन अडलंय.


टूलरूम_अंबड | मंगळवार, रात्री ८:५५

उत्तरं देतो.

दुपारी लाईट गेली होती, अर्ध्या तासाने आली. एका बटणात चालू.

सकाळी मिनिटभर थांबून कंट्रोल-आल्ट-डिलीट केलं. पहिल्याच वेळी एक्सपी वर आलं! सेटर म्हणाला हे आधीच का नाही केलं.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ शून्य, ०ए शून्य, सी५ शून्य, सी७ पण शून्य. वर निळ्या चौकोनात 'गुड' दाखवतं. चालू तास बघून मात्र धडकी भरली.

डबा उघडला. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर दोन कपॅसिटरचं डोकं वर आलंय, एकाच्या फुलीतून तपकिरी काहीतरी सुकलेलं. मदरबोर्डावरचे सपाट आहेत.


पंचवटी_रिपेअर | मंगळवार, रात्री ९:०२

सापडला चोर. एसएमपीएस उघडू नका हां, आत ३२५ व्होल्टचा मोठा कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही झटका देतो. सरळ बदला. स्थानिक बनावटीचा हलका नको, हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे.


गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

सी७ शून्य म्हणजे साटाची, म्हणजे डिस्कची डेटाची केबल ठीक. ती खराब असती तर हा आकडा चढला असता. ०ए म्हणजे मोटर फिरवण्याचे फसलेले प्रयत्न, तेही शून्य, म्हणजे डिस्क नीट फिरतेय, फक्त उशिरा. सी५ शून्य ही सर्वांत चांगली बातमी, वाचता न येणारे सेक्टर नाहीत. तुमच्या डिस्कची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे.

आता क्रम मात्र चुकवू नका. झोपलेला का असेना, एसडी१५ चा दोष आत आहेच, आणि तो वीज देण्याच्या क्षणीच जागा होतो. तुम्ही रोज सकाळी चालू-बंद करताय, एसएमपीएस बदलायला पुन्हा बंद करणार. म्हणून उद्या डबा एकदा वर आला की तसाच चालू ठेवून आधी सगळे प्रोग्राम बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. संध्याकाळी बंद करायची घाई नको. कॉपी झाल्यावर त्यातले दोन-चार मोठे प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटची ओळ आली का बघा. मगच एसएमपीएस. आणि त्यानंतर पूर्ण डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल.


टूलरूम_अंबड | मंगळवार, रात्री ९:५८

समजा मध्येच ती अडकली तर? मी वाचलं की सिरियल केबलने डिस्कशी बोलून ती सोडवता येते. आरएस-२३२ च्या केबली तर आमच्याकडे ढीगभर आहेत.


गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

बरं झालं विचारलंत. ती केबल डिस्कला लावलीत तर डिस्क खरोखर मरेल.

पद्धत खरी आहे. साटाच्या जोडणीशेजारी ज्या चार पिना असतात त्यांतून डिस्कच्या आतल्या टर्मिनलवर जाता येतं, वेग ३८४००. सर्किटच्या पाटीचा संपर्क मध्ये कागद सरकवून तोडायचा, मोटर थांबवायची, कागद काढून पुन्हा फिरवायची, मग आतली नोंद पुसायची. पण त्या पिनांवर ३.३ व्होल्टचा टीटीएल सिग्नल असतो. तुमच्या मशीनच्या आरएस-२३२ वर उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत जातं. मध्ये टीटीएलचा यूएसबी अडॅप्टर लागतो. आणि शेवटच्या आज्ञेत एक आकडा चुकला तर डेटाचा नकाशाच जातो. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. तशी वेळ येऊ नये म्हणून तर आधी कॉपी.


बिट्स_आणि_भजी | मंगळवार, रात्री १०:३०

गोदाकाठ, अनुमोदन. मी पहिल्या प्रतिसादात लेबल बघूनच उडी मारली, पण एसडी१ए टाकावंच या मतावर ठाम आहे. :) वाखूसा (वाचनखूण साठवली).


टूलरूम_अंबड | रविवार, सायंकाळी ५:२०

धाग्याची पोच देतो. आधी सगळं कॉपी केलं, उघडून तपासलं. नवा एसएमपीएस बसवला. तेव्हापासून थंडी असो नसो, सकाळी एका बटणात चालू. ऑपरेटरने येऊन विचारलं, साहेब नवीन घेतला का?

मग क्लोनझिलाने नव्या एसएसडीवर क्लोन केला. बायोसमध्ये डिस्कच्या जोडणीचा जुना आयडीई मोडच ठेवला, एएचसीआय केलं तर एक्सपी निळ्या पडद्यावर जातं हे इथेच जुन्या धाग्यात वाचलं होतं. एक्सपी आलं, पळतंय. पण डीएनसीचं सॉफ्टवेअर म्हणतं लायसन्स सापडत नाही! जुनी डिस्क लावली की पुन्हा चालतं. डोक्याला हात लावून बसलोय.


पंचवटी_रिपेअर | रविवार, सायंकाळी ५:४५

डिस्कच्या सिरियल नंबरला कुलूप आहे. व्हॉल्यूमचा नंबर क्लोनबरोबर येतो, पण डिस्कच्या इलेक्ट्रॉनिक्समधला कारखान्याचा नंबर येत नाही. त्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं असंच. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना नवा कोड मागा. लाजायचं काय, तुम्ही पैसे मोजलेत.


टूलरूम_अंबड | रविवार, सायंकाळी ६:१०

त्यांना फोन केला. माणूस चांगला आहे, पण ही आवृत्ती सांभाळणारा आता एकच जण, तो गावाला गेलाय. महिना लागेल म्हणाले. तोवर जुन्या डिस्कवरच चालवावं लागणार. आता मात्र एसडी१ए चा प्रश्न पुन्हा आला ना?


गोदाकाठ | रविवार, रात्री ८:३०

आला. आणि आता माझं उत्तर 'करा' असं आहे. डेटा बाहेर आहे, क्लोन हाताशी आहे, वीज सुधारली आहे. महिनाभर रोज सकाळी त्या आकड्याशी जुगार खेळायचं कारण नाही.

पण एक शंका आधी दूर करा. काही लायसन्स मॉडेल आणि सिरियलबरोबर फर्मवेअरची आवृत्तीही वाचतात. सिरियल नंबर अपडेटने बदलत नाही, आवृत्ती बदलते. सॉफ्टवेअरवाल्यांना तेवढं विचारून घ्या.

मग सीगेटच्याच साइटवरून आपल्या मॉडेलची आयएसओ फाईल (सीडीची नक्कल) घ्या, कोणी ड्राइव्हवर शेअर केलेली नको. सीडीवर लिहा. क्लोन, बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह सगळं काढून फक्त ती एक डिस्क ठेवा. यूपीएसवर घ्या, बॅटरी टिकते का ते आधी प्लग काढून बघा. सीडीवरून आलेला प्रोग्राम मॉडेल आणि जुनी आवृत्ती जुळली तरच पुढे जातो. नाही जुळली तर तो थांबतो, तिथे आपण जबरदस्ती करायची नाही. लिहिणं चालू असताना कोणी मेन स्विचजवळ जाणार नाही एवढं बघा. झाल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा, नुसता रीस्टार्ट नाही.


टूलरूम_अंबड | मंगळवार, रात्री ७:५०

झालं! सॉफ्टवेअरवाले म्हणाले आमचं कुलूप फक्त सिरियलवर आहे. सीडी ड्राइव्ह शेजारच्या गाळ्यातून आणला, आमच्याचा ट्रे अडकला होता. काळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या, मिनिटभरही लागलं नाही, मी आणि सेटर उगाच श्वास धरून उभे. पूर्ण बंद करून चालू केलं, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसडी१ए. लायसन्स उघडलं. मोल्डची फिनिशिंग लावून आलोय.

पंचवटीकर, गोदाकाठ, एमजी रोडला येणं झालं की मिसळ माझ्याकडून.


द्राक्षबागवाला | मंगळवार, रात्री ८:०५

आणि थंडीचं मी सांगितलं त्याचं काय?


टूलरूम_अंबड | मंगळवार, रात्री ८:०८

तुम्ही पण या. येताना पेटी आणा.


सिडको_झेरॉक्स | बुधवार, सकाळी ११:३०

नमस्कार, धागा वाचून आलो. माझ्या दुकानातही ७२००.११ आहे, कॉम्प्युटर चालू होत नाहीये. लेबलवर फर्मवेअर एसडी१ए छापलंय. अपडेट कुठून घेऊ?


पंचवटी_रिपेअर | बुधवार, सकाळी ११:४२

तुमची डिस्क कारखान्यातूनच सुधारलेली आली आहे, घ्यायचं काही नाही. पंखा फिरतो का? बीप येतात का? नवीन धागा काढा आणि एसएमपीएसचा फोटो टाका.